उजेडात नेऊन बघ

तू स्टायलिस्टच्या ऑफिसात लागलीस हे तुझ्या आईने फोनवर सांगितलं आणि लगेच पुढचं वाक्य जोडलं, "तिला तुझं काहीतरी सांग, आयुष्य गेलंय तुझं ब्लाउज बेतण्यात." आयुष्य गेलं हे खरंच. पण मी काही फॅशन डिझायनर नव्हे. दादरच्या दुकानात मापं घेतली, नाटकवाल्यांचे शालू दुरुस्त केले, बक्षीस समारंभाला निघालेल्या नट्यांच्या उसवलेल्या बाह्या गाडी खाली उभी असताना शिवून दिल्या. त्यामुळे मला कपडा समोरून कमी आणि आतून जास्त माहीत. तेवढंच सांगते. सीझन, कलेक्शन, कोणाचा शो कुठल्या शहरात, हे तुम्हा मुलींना माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

पहिली गोष्ट उजेडाची, कारण तुझ्या कामातले निम्मे घोटाळे तिथेच होणार आहेत. पूर्वी साडीच्या दुकानात बायका साडी उचलून थेट दाराशी न्यायच्या, आणि दुकानदारही म्हणायचा, "बघा ना वहिनी, उजेडात नेऊन बघा." पिवळ्या दिव्याखाली लाल, केशरी, सोनेरी असे रंग फुलतात. निळे आणि हिरवे मरगळतात, नेव्ही ब्लू तर सरळ काळा दिसतो. त्याहून फसवी गोष्ट जोडीची. साडी एका रंगाऱ्याकडची, ब्लाउजपीस दुसऱ्याकडचं. दुकानात दोन्ही अगदी एकजीव वाटतात आणि रस्त्यावर आलं की एक तांबूस दिसतं, दुसरं निळसर. रंगद्रव्यं वेगळी असली की असं होणारच, त्यात तुझ्या डोळ्यांचा दोष नाही. म्हणून मॅचिंग तीनदा बघायचं : खिडकीशी, दिव्याखाली आणि मोबाइलच्या फ्लॅशमध्ये. तिसरं टाळू नकोस. रेड कार्पेटवरची बाई लोकांना दिसते ती फ्लॅशमध्येच.

फ्लॅश कापडाच्या आरपार जातो. खोलीत दाट वाटलेलं काळं जॉर्जेट फोटोत आतल्या शिवणीसकट दिसतं, आणि मग दुसऱ्या दिवशी पेपरात भलतीच चर्चा. म्हणून ट्रायलच्या वेळी बाईला दिव्यासमोर उभी करून समोरून फ्लॅश मारून फोटो काढ आणि तो मोठा करून बघ. पांढऱ्या कपड्याच्या आत पांढरं घालू देऊ नकोस, कांतीच्या रंगाचं घालायला लाव. पांढऱ्याखाली पांढऱ्याची कड उठून दिसते, कांतीचा रंग कांतीत मिसळतो. आणि मोतिया साडीखाली धुऊन धुऊन शुभ्र केलेला परकर नको. कपडे धुण्याच्या पावडरीत चमक आणणारं द्रव्य असतं, ते फ्लॅशमध्ये निळसर उजळतं आणि वरची साडी मळकी वाटायला लागते. साडी बिचारी स्वच्छ असते.

कार्पेटचा रंगही आधी विचारून घे. हसू नकोस. ऑस्करला लाल गालिचा १९६१ पासून आहे, पण २०२३ साली त्यांनी तो शॅम्पेन रंगाचा केला होता आणि पुढच्याच वर्षी पुन्हा लाल. फिक्या जमिनीवरून उजेड उलटा वर येतो. दाट रंगाची कड त्यावर कापल्यासारखी उठते. २०२३ ला दीपिका पदुकोण काळ्या गाउनमध्ये होती, ते फोटो काढून बघ. पण त्याच जमिनीवर फिकट गाउनच्या खालच्या घेराला लागलेला प्रत्येक डागही दिसतो. लाल गालिच्यावर वेगळी पंचाईत. पांढऱ्या किंवा फिकट चमकत्या कापडावर खालून लालसर झाक चढते, आणि लाल कपडा जर गालिच्याच्याच जातीचा असला तर बाई कमरेपासून खाली विरघळून जाते. लाल घालायचाच असेल तर गालिच्यापेक्षा दोन छटा गडद, डाळिंबी घे, नाहीतर सरळ शेंदरीकडे जा. मधला नको.

आता मुंढा. तुमच्या ऑफिसात याला आर्महोल म्हणत असतील. नव्या शिंप्यांची समजूत असते की बाई हात वर करणार असेल तर मुंढा मोठा ठेवावा, मोकळा. अगदी उलटं आहे. मुंढा खाली आला की हात वर करताना सगळा ब्लाउज त्याच्याबरोबर वर चढतो, खालची पट्टी सुटते आणि बाई उरलेली संध्याकाळ ब्लाउज खाली ओढत राहते. मुंढा काखेजवळ, वर असला तर हात एकटा उठतो, ब्लाउज जागेवर राहतो. रेड कार्पेटवर बाई काय करते? हात हलवते, नमस्कार करते, केस मागे सारते, बक्षीस मिळालं तर ते उंच धरते. म्हणजे सगळं काम मुंढ्याचं. ट्रायलला मास्टरजी तिला ताठ उभी करून कौतुक करतील. तू तिला नमस्कार करायला सांग, ओळखीचं कोणी दिसल्यासारखा हात हलवायला सांग, खुर्चीवर बसव, खाली पडलेला रुमाल उचलायला लाव, दोन जिने चढव. कपडा उभ्याने सगळ्यांनाच शोभतो. त्याची परीक्षा बसल्यावर.

मोठमोठ्या लोकांचंही इथेच अडतं. २०२४ च्या मेट गालाला टायला नावाची गायिका वाळूचा घडवलेला गाउन घालून आली होती, बाल्में ब्रँडचा. दिसायला अप्रतिम. पण चालता येईना, माणसांनी तिला उचलून पायऱ्या चढवल्या आणि नंतर खुद्द डिझायनरने कात्रीने तो खालून कापला. २०१३ साली जेनिफर लॉरेन्स ऑस्कर घ्यायला निघाली आणि घोळदार गाउनमध्ये पाय अडकून पायरीवरच पडली. तिने ते हसण्यावारी नेलं, पण तुझ्या जागी असलेल्या मुलीची त्या रात्री झोप उडाली असणार. कानच्या चित्रपट महोत्सवात पॅले नावाच्या इमारतीच्या २४ पायऱ्या चढायच्या असतात. तिथे २०२५ पासून लोकांची वाट अडवणारे मोठे घोळ आणि उघडंवाघडं दोन्ही बंद केलं आहे. अंगप्रदर्शनावरून खूप वाद झाला, घोळाच्या नियमाबद्दल मात्र शिवणकाम कळणाऱ्या कोणालाही वाईट वाटलं नसेल. मागे लोळणारा घोळ सांभाळायला दुसरं माणूस लागतं. ते माणूस आत सोडणार आहेत का, हे आधी विचारायचं. आणि खालच्या कडेचं माप नेहमी त्या दिवशी घालायच्या बुटांवरच घ्यायचं, "तेवढ्याच हीलच्या" दुसऱ्या बुटांवर नाही. तेवढ्याच कधी नसतात.

मखमल आणि सॅटिनची आठवण करून देते. दोन्हीला दिशा असते. मखमलीचे सगळे तुकडे एकाच बाजूने बेतले नाहीत तर एक बाही गडद आणि एक फिकी दिसेल. सॅटिनला बसल्याची घडी पडते ती गाडीतून उतरेपर्यंत कायमची. मेट गालाला काही जणी उंच छताच्या गाडीतून उभ्याने जातात त्याचं कारण हे, हौस नव्हे. आपल्याकडे अंधेरीहून निघून वांद्र्याच्या सिग्नलला तासभर उभं राहायचं असेल तर क्रेप घे.

रंगांच्या ट्रेंडबद्दल तुला सगळ्यांत जास्त छळणार आहेत, म्हणून यावर जरा बसते.

फॅशनचा रंग हा कोणीतरी ठरवलेला असतो. कधी रसायनशाळा, कधी राणी, कधी व्यापारी. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचं क्विनाइन डांबरापासून करता येतं का ते बघत होता. क्विनाइन झालं नाही, भांड्यात जांभळट गाळ उरला आणि तो रेशमावर पक्का बसला. तो पहिला कृत्रिम कापडरंग, मॉव्ह. तोवर जांभळा रंग म्हणजे श्रीमंतांचं काम. त्यात फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी या रंगाची शौकीन, आणि १८५८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने मुलीच्या लग्नाला त्याच छटेचा पोशाख केला. मग काय, लंडनभर जांभळं. 'पंच' नावाच्या विनोदी साप्ताहिकाने तर या वेडाला गोवराची साथच ठरवून टाकलं. गंमत अशी की हे सगळं आजच्यासारखंच चाललं होतं : कारखाना माल तयार करून बसलेला, मोठ्या बाईच्या अंगावर तो दिसला आणि बाकीच्यांना वाटलं की हा रंग आपल्यालाच सुचला.

आज ते काम पँटोनसारखे लोक करतात. मुळात छपाईवाल्यांसाठी रंगांची कार्डं काढणारी अमेरिकन कंपनी. २००० सालासाठी त्यांनी सेरुलियन नावाचा आकाशी रंग जाहीर केला, तेव्हापासून दर वर्षी एक, क्वचित दोन रंग. २०२४ ला पीच फझ, २०२५ ला मोका मूस म्हणजे आपला कॉफी कलर, आणि २०२६ ला क्लाउड डान्सर, चक्क पांढरा. पांढरा जाहीर करायला धाडस लागतं, किंवा कंटाळा. पण तुला माहीत असायला हवं ते वेगळंच आहे. सुताला कुठला रंग द्यायचा हे अंदाज बांधणारे लोक साधारण दोन वर्षं आधी ठरवून टाकतात, कारण सूत रंगायला, विणायला, शिवायला आणि दुकानात पोचायला तेवढा काळ जातो. म्हणजे डिसेंबरात रंग जाहीर होतो तेव्हा त्या रंगाचे ठाण आधीच गोदामात पडलेले असतात. तुझी बाई "या वर्षीचा रंग" म्हणून धावेल तेव्हा त्याच रंगात आणखी दहा जणी त्याच संध्याकाळी उभ्या असतील. तिला उठून दिसायचं असेल तर या वर्षीचा रंग तिच्या काठात घे, पदरात घे, ब्लाउजच्या पायपिंगमध्ये घे. अंगभर नको.

आपल्याकडे हा धंदा एका वर्षाला नऊ रंगांनी होतो. नवरात्राचे रंग शास्त्रात कुठे शोधू नकोस, ते वर्तमानपत्रांनी रुजवले, या शतकाच्या सुरुवातीला. वाराचं गणित सोपं आहे : सोमवार पांढरा, मंगळवार लाल, बुधवार निळा, गुरुवार पिवळा, शुक्रवार हिरवा, शनिवार राखाडी, रविवार केशरी, आणि उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळ्यातलं काहीतरी. मी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. पण बुधवारी सकाळी चर्चगेटला उतरणारा तो सगळा निळा लोंढा पाहिला, त्यात बँकेतली अधिकारीही निळी आणि मासे विकायला निघालेलीही निळी, तेव्हा म्हटलं, ठीक आहे. पॅरिसला हे जमलेलं नाही. मला खटकतं ते एवढंच की त्यासाठी नऊ नव्या साड्या घ्यायच्या. कपाटात शोधलं तर राखाडी सोडून बाकी सगळं निघतं. राखाडी कोणाच्याच कपाटात नसतो, त्या शनिवारी दुकानदारांची दिवाळी.

आणि त्याआधीची आपली कॅलेंडरं होतीच की. संक्रांतीला काळी चंद्रकळा, कारण थंडीत काळं ऊन धरून ठेवतं. लग्नात मामाकडची पिवळी अष्टपुत्री. हे रंग ठरवणाऱ्या बायकांनी ऋतू बघितला, विधी बघितला, आणि त्यातली प्रत्येक साडी पुढे वर्षानुवर्षं नेसली गेली.

आता अंगकांतीची थाप. "सावळ्या रंगाला फिकं चालत नाही" हे वाक्य मी काउंटरपलीकडून इतक्यांदा ऐकलंय की तेच तोंडपाठ करून दुकानदार जन्माला येतात की काय असं वाटतं. २०१४ च्या ऑस्करला गडद कांतीची अभिनेत्री लुपिता न्योंगो प्राडाच्या फिक्या आकाशी गाउनमध्ये आली, ते फोटो मोबाइलमध्ये ठेव आणि हे वाक्य बोलणाऱ्याला दाखव. फिका-गडद हा प्रश्नच नाही. कापड हनुवटीखाली धरायचं, खिडकीकडे तोंड करायचं आणि रंगाकडे न बघता चेहऱ्याकडे बघायचं. डोळ्यांखालची वर्तुळं गडद झाली, दात पिवळे दिसायला लागले, तर तो रंग त्या बाईचा नव्हे, मग तो कुठल्याही वर्षाचा असो. डोळ्यांतलं पांढरं स्वच्छ दिसलं तर घे. हे मेकअप उतरवून करायचं. मेकअपवर केलंस तर तू फाउंडेशनला रंग निवडून देतेस.

ट्रेंड सेट करणं म्हणजे काय ते मराठी माणसाला तसं जुनंच माहीत आहे. नाटकात बायकांच्या भूमिका करणारे बालगंधर्व स्टेजवर जसं नेसत, जसा गजरा माळत, तसं पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका घरी करून बघत. पुरुषाने नेसलेली साडी बघून बायका नेसायला शिकल्या! कारण त्या माणसाने साडीचा पदर, निऱ्यांची लांबी, चालताना पाऊल किती दिसावं, याचा जेवढा विचार केला तेवढा रोज नेसणारीला करायला सवड नव्हती. खरे भरजरी शालू वापरायचे म्हणून त्यांची नाटक मंडळी कर्जात गेली हेही खरंच. तोही धडा घे. बजेट तुझ्या हातात असेल तर जर दिसते तिथे खरी लाव, निऱ्यांच्या आत जाते तिथे नाही.

डिझायनर म्हटलं की मला अजून भानू अथैयाच आठवतात. कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या घरातली मुलगी, जे. जे. त शिकलेली, मुळात चित्रकार. १९५६ च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमात. 'ब्रह्मचारी'त मुमताजची ती केशरी शिवलेली साडी त्यांचीच. आज ज्याला रेडीमेड साडी म्हणून पॅकेटात विकतात, ती १९६८ साली पडद्यावर नाचून गेली आहे. आणि मग 'गांधी'. १९८३ साली जॉन मोलोंबरोबर त्यांना ऑस्कर मिळालं, भारताला मिळालेलं पहिलं. आता विचार कर, कशासाठी मिळालं? पंचे, धोतरं, खादीच्या साड्या, हजारो माणसांचे मळके-विटके कपडे. सिनेमा बघताना एकाही कपड्याकडे लक्ष जात नाही, आणि म्हणूनच तो कपडा जमला. नवं कापड अंगावर आलं की नवंच दिसतं. ते कोपरावर झिजवावं लागतं, चहाच्या पाण्यात बुडवावं लागतं, घामाच्या जागी फिकं करावं लागतं, कोणी कधी काय काम करतो ते बघून. तुला रेड कार्पेटचं काम आहे, तुझ्या बाईकडे लक्ष जायला हवं हे कबूल. पण ज्या दिवशी लोक आधी कपड्याचं नाव घेतील आणि मग "कोणी घातला होता बरं?" विचारतील, त्या दिवशी काम बिघडलं असं समज. २०१२ मध्ये भानूताईंनी ती ऑस्करची बाहुली अकादमीकडे परत दिली, नीट जपली जावी म्हणून. स्वतःच्या कामाची कदर आणि जपणुकीची अक्कल दोन्ही असलेली बाई.

लेबल मानेशी असतं, ते बघून कपडा घेऊ नकोस. उलटा कर. शिवणीत दाब किती सोडलाय बघ. दोन बोटं असेल तर हा कपडा बाईचं अंग बदललं तरी टिकेल, नखाएवढा असेल तर तो एका फोटोसाठी शिवलेला आहे. बाजूच्या शिवणीवर नक्षी नक्षीला मिळते का बघ. टिकल्यांच्या कामाखाली काखेत जाळी लावलीय का, नाहीतर तासाभरात काख सोलवटून निघेल. हूक एकाला एक लागून आहेत का, की ताण एकाच हुकावर आलाय. नामांकित माणसांच्या लेहेंग्यांच्या आत लोंबणारे दोरे मी पाहिलेत, आणि येवल्याच्या विणकराने विणलेल्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तर मोर मागूनही तितकाच साफ. खरी पैठणी ओळखायची ती याच खुणेवर. मागे सुटे धागे तरंगत असतील तर ते यंत्राचं काम. आणि पैठणीतली धूपछाव, उभा धागा एका रंगाचा नि आडवा दुसऱ्या, ही फ्लॅशसाठीच जन्मलेली गोष्ट आहे. बाई वळली की रंग वळतो. तुमच्या बाहेरच्या डिझायनरना हा परिणाम साधायला किती उपद्व्याप करावे लागतात ते तूच मला सांगशील.

"रिपीट झालं" म्हणून रडणारी एक तरी बाई तुला भेटेल. तिला दोन नावं सांग. रिटा मोरेनो १९६२ साली ऑस्कर घ्यायला जो गाउन घालून गेली तोच २०१८ ला पुन्हा घालून आली. आलिया भटने स्वतःच्या लग्नातली साडी २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला जाताना नेसली. फोटो दोन्ही वेळा चांगलेच आले. पुन्हा नेसताना फक्त एकच गोष्ट बदलायची, ब्लाउज किंवा केस किंवा दागिने. तिन्ही बदललं की लोकांना वाटतं काहीतरी लपवतेय.

जुनं कापड मात्र वेगळं. आजीची पैठणी नेसायची टूम आता आलीय आणि मला आनंदच आहे, पण जुनी जर घडीवर तुटते. २०२२ ला किम कार्दाशियनने मेरिलिन मन्रोचा १९६२ मधला गाउन मेट गालाला घातला. जुनं कापड सांभाळणारे लोक खवळले, आणि ते बरोबर होतं. तिने तो पायऱ्यांपुरताच घालून नंतर नक्कल घातली हे खरं, पण ताण यायला पायऱ्या पुरतात. शिवलेला कपडा दुसऱ्याच्या अंगाला बेतलेला असतो, तो तुमच्या अंगाशी भांडतो. साडीचं बरं असतं, ती कोणाच्याच मापाची नसते. तरीही काळजी घे. पिन थेट रेशमात टोचू नकोस, खाली कापडाचा तुकडा धर. निऱ्या इस्त्रीने दाबू नकोस. अत्तर आधी लाव, ते वाळू दे, मग साडी. अत्तराने जर काळी पडते. आणि जुन्या साडीला कात्री लावून गाउन करायचा कोणाचा बेत असेल तर तू आजारी पड, सुट्टी घे, पण त्या कामावर जाऊ नकोस.

कानला २०२४ मध्ये अभिनेत्री छाया कदम गेली, पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' या सिनेमासाठी. आईची साडी आणि आईची नथ. आई हयात नव्हती. त्या पंधरवड्यात तिथे जगभरचे गाउन येऊन गेले असतील, मला आठवते ती नथ. याच शहरात १९७६ साली 'निशांत' घेऊन श्याम बेनेगल गेले होते. जाहिरातीला पैसे नव्हते, तर त्यांनी शबाना आझमी आणि स्मिता पाटील यांना सांगितलं की तुमच्या चांगल्यातल्या साड्या नेसा आणि समुद्रकाठच्या रस्त्यावर फेऱ्या मारा. लोक वळून बघायला लागले की त्यांना सिनेमाचं आमंत्रण. स्टायलिस्ट नाही, उधार आणलेला दागिना नाही. स्मिता तर दूरदर्शनला बातम्या द्यायला जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची असं सांगतात. कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसत नाही, तर कशाला वेळ घालवा!

त्या दोघींच्या वेळी कपडे स्वतःचे होते. तुझ्या वेळी बहुतेक सगळं उसनं असेल, गाउन एका डिझायनरकडून, हार एका पेढीकडून, बूट तिसरीकडून, आणि सगळं दोन दिवसांत परत. इथे जिभेपेक्षा कागद महत्त्वाचा. माल ताब्यात घेतानाच खिडकीशी नेऊन प्रत्येक नगाचा पुढून, मागून आणि आतून फोटो काढ. निघालेली टिकली, सैल मणी, आधीचा घामाचा डाग जिथे असेल तिथे बोट ठेवून काढ. चलनावर आणून देणाऱ्याची सही आणि वेळ. परत देताना तेच फोटो समोर ठेवून मोजून दे, आणि "मॅडम नंतर बघून घेतील, तुम्ही निघा" असं कोणी म्हटलं तर निघू नकोस. चहा माग, तिथेच बस, आणि सही झाल्यावर ऊठ.